रेग्युलेटर खोलण्याआधी गेज जोडा

जून लागला की मालवणच्या समुद्रातलं डायव्हिंग बंद होतं आणि बडोद्यातल्या काही घरांत एक गोल, काळी पिशवी माळ्यावर जाऊन बसते. घराघरांत म्हणता येणार नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त घरांत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी द्वारकेला समुद्रात डुबकी मारली, तेव्हापासून आपल्याकडे चौकशा वाढल्या. कोकणात नौदलातून निवृत्त झालेलं गुलदार जहाज निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून त्याचं पर्यटनस्थळ करायचं काम निघालं, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांतही स्कूबा हा शब्द आता परका राहिलेला नाही. पहिल्या वेळी भाड्याचं सामान, मग तारकर्लीला किंवा अंदमानला कोर्स, आणि मग स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र. प्रवास साधारण असाच होतो. (गावातल्या गावात सराव करायचा म्हणाल, तर विश्वामित्रीत मगरी आहेत. तो विषय तिथेच संपला.)

प्रश्न पुढे येतो. रेग्युलेटरसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की वर्षातून एकदा तो अधिकृत केंद्रात सर्व्हिसला द्या. मग कुरिअर मुंबईला किंवा गोव्याला, आणि वाट पाहणं. इथे डायव्हिंग करणाऱ्यांत कोयलीच्या रिफायनरीतले, नंदेसरीच्या केमिकल प्लांटमधले, मकरपुरा जीआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप असलेले लोक बरेच. जन्म व्हॉल्व्ह आणि गेजमध्ये गेलेला. त्यांना साहजिकच वाटतं, एवढासा डबा मी का नाही खोलू शकणार?

खोलता येतो आणि शिकताही येतं. पण शिकायची सुरुवात बहुतेक जण पान्यापासून करतात, ती गेजपासून करायला हवी. असं का, ते समजायला आधी डबा काय करतो ते पाहू.

हा डबा करतो तरी काय?

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर बसवलेला रेग्युलेटर आठवा. सिलिंडरमध्ये दाब जास्त आणि बदलता असतो. शेगडीला मात्र कमी आणि एकसारखा दाब लागतो, साधारण ३० मिलिबार. आतला पडदा आणि स्प्रिंग मिळून तो दाब धरून ठेवतात. स्कूबाचा रेग्युलेटर त्याच घराण्यातला आहे. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरने एक छोटा रेग्युलेटर तयार केला होता. नौदलातला अधिकारी जाक कूस्तो त्याच्याकडे आला आणि १९४३ मध्ये दोघांनी तीच कल्पना पाण्याखालच्या श्वासासाठी वापरली.

फरक दोन. पहिला म्हणजे, शेगडीचा दाब कायम तोच असतो. डायव्हरला मिळणारा दाब खोलीबरोबर वाढावा लागतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. फुप्फुसांभोवती पाणी जेवढं दाबतंय तेवढ्याच दाबाची हवा तोंडात आली नाही तर छाती फुगतच नाही. अर्धा मीटर खोलीवरून नुसत्या नळीने वरची हवा ओढून पाहिली तरी माणूस दमतो. दुसरा फरक: शेगडीचा गॅस चालू केला की वाहत राहतो, इथे हवा फक्त श्वास घेतानाच यायला हवी.

टाकीत हवा असते सुमारे २०० बार दाबाने. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबाने साधारण २२०० लिटर. एवढा दाब एका टप्प्यात उतरवणं अवघड, म्हणून दोन टप्पे.

दोन टप्पे, दोन स्वभाव

टाकीवर बसतो तो धातूचा भाग म्हणजे फर्स्ट स्टेज. ही २०० बारचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणते. या दाबाला मधला दाब म्हणू. हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द.

फर्स्ट स्टेजमध्ये एक टणक प्लास्टिकची चकती असते, तिला सीट म्हणतात. धातूची एक बारीक, गोल धार तिच्यावर टेकली की हवा बंद, उचलली की चालू. ती उचलायचं काम मोठी स्प्रिंग आणि बाहेरचं पाणी मिळून करतात. खोल गेलात की पाणी जास्त ढकलतं आणि मधला दाब आपोआप वाढतो. काही मॉडेलांत पाणी थेट पिस्टनच्या स्प्रिंगपर्यंत येतं, काहींत रबरी पडदा मध्ये असतो आणि पाणी बाहेरच राहतं. पिस्टनवाले साधे, पडदावाले मिठापासून जरा सुरक्षित. कुठला चांगला, या वादात इथे पडत नाही. चहा थंड होतो, वाद संपत नाही.

तोंडात धरतो ती सेकंड स्टेज. श्वास ओढला की तिचा पडदा आत येतो, एक छोटी कांडी दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पडदा हलवायला लागणारा दाब फार थोडा असतो: बहुतेक मॉडेलांत २.५ ते ४ सेंटीमीटर पाण्याइतका, म्हणजे शेगडीच्या गॅसच्या दाबाच्या जेमतेम एक दशांश. २०० बार एका टोकाला आणि ३ मिलिबार दुसऱ्या टोकाला. सर्व्हिसिंग म्हणजे या साखळीतली प्रत्येक कडी आपापल्या मापात आहे की नाही ते बघणं.

बिघडतो कसा?

बहुतेक वेळा एकदम नाही, हळूहळू. सीटवर धार सतत टेकून तिथे चर पडतो. मीठ सुकून खडे होतात आणि ओ-रिंगला घासतात. ओ-रिंग म्हणजे दोन भागांमधून हवा निसटू नये म्हणून बसवलेलं रबरी कडं; एका रेग्युलेटरमध्ये ती बरीच असतात. रबर कालांतराने कडक होतं.

सीट नीट बंद होईनाशी झाली की २०० बारमधली थोडी हवा सतत पलीकडे झिरपते आणि मधला दाब वर सरकत राहतो. वाढलेला दाब शेवटी सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह ढकलून उघडतो आणि तोंडातून हवा सूं सूं करत वाहू लागते. बहुतेक सेकंड स्टेज मुद्दाम अशाच बनवलेल्या असतात, की दाब वाढला तर त्या उघडतील, अडकणार नाहीत. त्यामुळे बिघडलेला रेग्युलेटर सहसा हवा बंद करत नाही, नको इतकी देतो. टाकी मात्र भराभर रिकामी होते. २० मीटरवर मिनिटाला ६० लिटर नेहमीच्या श्वासातच जातात, त्यात ही गळती.

तीन मापं, जी पाना फिरवण्याआधी शिकायची

मधल्या दाबाचा गेज छोटा असतो आणि जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीच्या टोकाला खट्कन बसतो. टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. सेकंड स्टेजचं बटण चार-पाच वेळा दाबून सोडा. काटा खाली जायला हवा, झटक्यात परत यायला हवा आणि एका जागी थांबायला हवा. थांबलेला आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत आहे का ते बघा, आणि मग दहा मिनिटं तसाच राहू द्या. काटा थांबल्यावरही हळूहळू चढत असेल तर सीट बदलायची वेळ आली, किंवा तिच्यावर घाण बसली आहे. परत येताना काटा रेंगाळत असेल, तर आत कुठेतरी घर्षण आहे. रेग्युलेटर न खोलता त्याचं अर्धं अंतरंग कळतं ते इथे. हेच माप टाकी भरलेली असताना आणि ५० बारवर आल्यावर दोन्ही वेळा घ्या. साध्या पिस्टनवाल्या स्टेजमध्ये टाकी उतरते तसा मधला दाबही उतरतो, हा दोष नाही. ज्यांना बॅलन्स्ड म्हणतात त्यांच्यात तो जवळपास तसाच राहायला हवा.

एक इशारा इथेच. फर्स्ट स्टेजला सेकंड स्टेज जोडल्याशिवाय कधीही हवा सोडू नका. सीट निकामी असेल तर वाढलेला दाब सेकंड स्टेजमधून निघून जातो. ती नसेल तर तो गेज किंवा नळी फोडून वाट काढतो. आणि टाकी उघडताना प्रेशर गेजची काच चेहऱ्याकडे नको.

दुसरं माप सेकंड स्टेज किती हलक्या श्वासाला उघडते त्याचं. यासाठी विकतचं मीटर असतं, पण एक पातेलं पाणी आणि फूटपट्टीही चालते. हवा चालू ठेवून सेकंड स्टेज अशी धरा की तोंडात धरायचा भाग वर आणि पडद्याची बाजू खाली, आडवी. हळूहळू पाण्यात उतरवा. हवा सुटल्याचा आवाज ऐकू येईल त्या क्षणी पडदा पाण्याखाली किती सेंटीमीटर आहे, तेच तुमचं माप. ५-६ सेंटीमीटर निघालं तर श्वासाला जोर लागतोय. फार कमी निघालं तर खूश होऊ नका. इतकी हलकी केलेली स्टेज पाण्यात मान वळवली तरी स्वतःहून वाहू लागते.

तिसरं माप फुकट आहे आणि त्याला टाकीही लागत नाही. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर तिचं टोपण घट्ट लावा आणि सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. काहीच यायला नको. हवा येत असेल तर पडदा फाटलाय, बाहेर हवा सोडणारी रबरी झडप नीट टेकत नाहीये, नाहीतर तोंडाच्या रबराला चीर गेलीये. पाण्यात तिथूनच पाणी येणार.

टाकी घरात नाही, मग?

बडोद्यात बहुतेकांची हीच अडचण. २०० बारची स्वच्छ हवा घरी कुठून आणणार? प्लांटमधल्या बीए सेटच्या, म्हणजे गॅस गळतीत पाठीवर घालायच्या श्वसनयंत्राच्या, टाकीकडे नजर जाते, कारण तेही दोन टप्प्यांवरच चालतात. पण ती हवा गॅस गळतीच्या दिवसासाठी भरून ठेवलेली असते, आणि आटे जुळतीलच असं नाही. आटे जुळवायला काहीतरी जोडकाम करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

सोपा मार्ग असा: गेज पिशवीत ठेवा आणि डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी, मालवण असो की मुर्डेश्वर, तिथल्या टाकीवर मोजून घ्या. पंधरा मिनिटांचं काम. आकडे वहीत तारखेसह लिहा. दोन-तीन मोसमांची वही झाली की रेग्युलेटर कधी खोलायचा ते वही सांगते.

घरी करण्यासारखंही बरंच आहे. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी धातूची एक छोटी जाळी असते. ती हिरवट दिसली तर आत समुद्राचं पाणी शिरलंय. तपकिरी म्हणजे एखाद्या लोखंडी टाकीचा गंज. काळपट असेल तर कुठल्यातरी कॉम्प्रेसरचा फिल्टर संपलेला होता आणि ती हवा तुम्ही घेतलीत. नळ्या जिथे धातूला मिळतात तिथे वाकवून चिरा बघा.

आणि धुणं. बोटीवरच्या ज्या ड्रममध्ये सगळ्यांचं सामान बुचकळलं जातं, त्यातलं पाणी दुपारपर्यंत खारंच झालेलं असतं. तिथे बुडवून, पिशवीत भरून, कोकण रेल्वेने घरी येईपर्यंत आतलं मीठ सुकलेलं असतं. घरी आल्यावर टोपण घट्ट लावून रात्रभर साध्या पाण्याच्या बादलीत ठेवा. बादलीत असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, पाणी नळीतून वर चढतं. माझं मत विचाराल तर अर्धी सर्व्हिसिंग या बादलीत होते.

आता खोलायचाच आहे

वहीने सांगितलं, मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका मिळाली, सर्व्हिस किट मिळालं. या तीन गोष्टी नसतील तर थांबा. पहिला प्रयोग आपल्या चालू रेग्युलेटरवर नको; एखादा जुना, साधा पिस्टनवाला घ्या. स्कूबाप्रोच्या एमके-२ सारख्या फर्स्ट स्टेजमध्ये हलणारा भाग एकच, पिस्टन.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं? ओ-रिंग काढताना स्टीलच्या टोचणीने. ओ-रिंग जिथे बसते तिथल्या पितळावर ओरखडा आला की नवी ओ-रिंगही तिथून गळते. पिस्टनच्या धारेवर ओरखडा आला तर पिस्टनच गेला. म्हणून टोचणी पितळेची किंवा प्लास्टिकची. भोकांत अडकवून फिरवायचा खास पाना मिळत नसेल तर मकरपुऱ्यात कुठलाही लेथवाला करून देईल. हत्यार बनवून घ्यायला काहीच हरकत नाही.

सीट मात्र बनवून घेऊ नका. ‘टेफ्लॉनचा रॉड आहे, अर्ध्या तासात टर्न करतो’ असं म्हणणारा भेटणारच. सीटचा टणकपणा आणि सपाटी कंपनीने त्या धारेसाठी ठरवलेली असते. ओ-रिंगचं तसं नाही: त्या प्रमाणित इंची मापांत येतात आणि सीलच्या दुकानात नायट्राइल किंवा व्हिटॉनमध्ये मिळतात. तरी माप, रबराचा प्रकार आणि टणकपणा, तिन्ही जुळायला हवेत. मिलिमीटरमधली ‘जवळपास तीच’ नको.

सफाईला पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, फक्त क्रोम चढवलेल्या पितळी भागांसाठी, दहा-पंधरा मिनिटं, नजर ठेवून. ॲल्युमिनियम, रबर, रंग दिलेले भाग त्यात नकोत. क्रोम उडालेलं असेल तिथे ॲसिड आत शिरतं. ग्रीस पुस्तिकेत सांगितलंय तेच, आणि ओ-रिंग चकाकेल इतपतच. वर्कशॉपमधलं ग्रीस किंवा तेल चुकूनही नाही. ऑक्सिजनच्या लाइनला तेलाचा हात लागू द्यायचा नाही हे प्लांटवाल्यांना सांगायला नको; उच्च दाबाच्या हवेत आणि स्वतःच्या फुप्फुसांतही त्याला जागा नाही. ज्यांचा रेग्युलेटर ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनला वापरला जातो, त्यांनी तो घरी खोलायच्या भानगडीतच पडू नये.

जोडून झाल्यावर परत तीच तीन मापं. नव्या सीटला बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून बटण वीस-पंचवीस वेळा दाबून मग मोजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग स्वीमिंग पूल, मग उथळ समुद्र.

‘पण हा जिवाशी खेळ नाही का?’

आहे, मोजल्याशिवाय केलं तर. पण उलट बाजूही बघा. विमान कंपन्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत देखभालीचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की पुष्कळ सुटे भाग वयाने खराब होत नाहीत. कित्येक तर नुकतेच बसवलेले असतानाच बिघडतात. प्लांटमध्ये शटडाऊननंतरचा पहिला आठवडा कसा जातो ते ज्याने पाहिलंय त्याला हे नवीन नाही. चांगला चाललेला रेग्युलेटर केवळ वर्ष झालं म्हणून खोलला, तर नवा दोष आत घालण्याची संधी आपणच देतो, खोलणारा अधिकृत असो की घरचा. म्हणूनच काही कंपन्या आता दर वर्षी फक्त तपासणी आणि पूर्ण सर्व्हिस दोन वर्षांनी सांगतात. वर्षानुवर्षं न वापरलेला किंवा ज्याचा इतिहास माहीत नाही असा रेग्युलेटर मात्र आकडे चांगले आले तरी खोलावाच.

‘पैसे तरी वाचतात का?’

एक-दोन रेग्युलेटर असतील तर फारसे नाहीत. गेज, पाने, टोचण्या, ग्रीस, किट यांत सुरुवातीची बचत जाते. वाचतो तो वेळ आणि कुरिअरची धास्ती. घरात चार डायव्हर असतील तर हिशेब वेगळा.

वॉरंटीचं बोलायचं तर, बऱ्याच कंपन्या अधिकृत केंद्राबाहेर खोललेल्या रेग्युलेटरची जबाबदारी घेत नाहीत, आणि किटही थेट ग्राहकाला विकत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं एवढीच क्षेत्रं होती. नवा रेग्युलेटर वॉरंटीत असेल तर कंपनीच्या वाटेने जा आणि तोवर फक्त मोजायला शिका.

टाकीचं काम तर घरी करायचंच नाही. गॅस सिलिंडरचे नियम आहेत, त्यांचं कार्यालय, म्हणजे पेसो, नागपूरला आहे, आणि टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते. तसंच स्वतः सर्व्हिस केलेला रेग्युलेटर नवशिक्या मित्राला देऊ नका. काही बिघडलं तर त्याला ओळखू येणार नाही, तुम्हाला येईल.

आणि खोलायची इच्छाच नसेल तर?

तरी गेज घ्या. सर्व्हिसला पाठवण्याआधी मोजा, परत आल्यावर मोजा. पाठवताना सोबत चिठ्ठी द्या: बदललेले जुने भाग पिशवीत परत पाठवा, मधल्या दाबाचा शेवटचा आकडा बिलावर लिहा आणि सेकंड स्टेज किती सेंटीमीटरला उघडते तेही लिहा. जुनी सीट हातात आली की भिंगातून तिच्यावरचा चर बघा. जे केंद्र हे तिन्ही न कुरकुरता देतं, तिथे पुढच्या पावसाळ्यातही कुरिअर करायला हरकत नाही.